सिटग्रीव्ह्ज घाट आणि बाबा

रूट ६६ या अमेरिकेतल्या जुन्या महामार्गावरचा तुमचा लेख आवडला, पण ॲरिझोनातल्या किंगमन ते ओटमन या जुन्या खाणगावापर्यंतच्या टप्प्याला त्यात एकच ओळ मिळाली, याची हळहळ वाटली. त्या रस्त्याचा जीव तिथंच आहे.

२०११ मध्ये आई-बाबा आमच्याकडे फिनिक्सला आले होते, तेव्हा मुद्दाम त्या वाटेनं गेलो. बाबा तीस वर्षं एसटीत चालक, वरंध आणि खंबाटकी अंगवळणी पडलेले. कूल स्प्रिंग्जचं दगडी पेट्रोल स्टेशन मागं पडलं आणि ब्लॅक माउंटन्सची चढण लागली. अरुंद रस्ता, कडेला कठडा जवळपास नाहीच, खाली निवडुंगांनी भरलेली दरी. बाबा एकदम गप्प झाले. साडेतीन हजार फुटांवरच्या सिटग्रीव्ह्ज खिंडीत गाडीतून उतरल्यावर म्हणाले, "इथं गाडी नेणारा माणूस पक्का असला पाहिजे."

मग मी त्यांना सांगितलं, जुन्या फोर्ड मॉडेल टीला पेट्रोलचा पंप नव्हता. टाकीतून इंधन उताराच्या जोरावर इंजिनात यायचं, म्हणून तीव्र चढणीवर लोक गाडी उलटी, रिव्हर्समध्ये चढवत. हे ऐकून बाबा परत त्या वळणापाशी चालत गेले आणि बराच वेळ रस्ता न्याहाळत राहिले.

१९५० च्या दशकात नवा रस्ता युक्का गावामार्गे काढला आणि ओटमन ओस पडलं. खाणवाल्यांनी मागं सोडलेल्या गाढवांचे वंशज मात्र अजून भर रस्त्यात उभे असतात. आईनं एकाच्या कपाळावरून हात फिरवला होता. तो फोटो आजही साताऱ्याच्या घरात, बाबांच्या फोटोशेजारी आहे.