किल्ल्या कुणाच्या कमरेला?

२०२३ च्या अखेरीस जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, आणि भोसरीत छोटं मशीन शॉप चालवणाऱ्या माझ्या दादाचं मत पक्कं होत गेलं: असल्या काळात सगळ्या किल्ल्या एकाच्याच कमरेला हव्यात. घरच्या ग्रुपवरही तेच. कंपनी असो, महापालिका असो की राज्य, एक खमका माणूस बसवा आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

मी अकरा वर्षं जपानमध्ये, आयची प्रांतात, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. दादाचं म्हणणं मला पटत नाही.

आमच्या जवळच कारिया शहर आहे. १ फेब्रुवारी १९९७ ला पहाटे तिथला आयसिन कंपनीचा कारखाना जळाला. मागच्या ब्रेकचा दाब सांभाळणारा एक छोटा व्हॉल्व्ह तिथे व्हायचा. टोयोटाला लागणारे जवळजवळ सगळे तिथलेच. साठा दोन-तीन दिवसांचा. टोयोटाच्या लाइन एकामागून एक थांबल्या. आयसिनने मागेल त्याला ड्रॉइंग दिली. शिलाई मशीनवाल्या ब्रदर कंपनीनेसुद्धा व्हॉल्व्ह करायला घेतले. खास यंत्रं जळालेली, म्हणून ज्याने त्याने हाताशी होती त्या मशीनवर आपली जुळणी केली. दर ठरवत कुणी बसलं नाही, खर्च मागाहून भागवला गेला. आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. प्रत्येक जुळणीला वरून मंजुरी घ्यायची असती, तर महिने गेले असते असं मला वाटतं.

अशी सवय आग लागल्यावर लागत नाही. आमच्या लाइनवर डोक्यावरून एक दोरी जाते. काही बिघडलं की कुणीही ती ओढायची. तीन आठवड्यांपूर्वीच कामाला लागलेल्या एका मुलाने परवा ती ओढली. बोल्ट आट्यांत बसत नव्हता. दिवा लागला, धून वाजली, टीम लीडर धावत आला. आधी त्याला 'अरिगातो', म्हणजे धन्यवाद, म्हणाला, मग बोल्ट पाहिला.

गेल्या वर्षी दादा डेंग्यूने चार दिवस दवाखान्यात होता. नेमक्या तेव्हा सळया ठरल्यापेक्षा जाड आल्या. फोरमनकाका बावीस वर्षं लेथवर आहेत. एक कट जास्त मारला की भागतं, हे त्यांना दिसत होतं. तरी ते सांगत राहिले, "साहेबांना विचारून सांगतो." माल न्यायला आलेला टेम्पो दोनदा रिकामा परत गेला. बावीस वर्षांत काकांना एकदाही काही ठरवू दिलेलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

जपानला मी डोक्यावर घेत नाही. इथेही कागद शिक्क्यांसाठी टेबलाटेबलावरून फिरतो. १२ मार्च २०११ ला, त्सुनामीच्या दुसऱ्या दिवशी, फुकुशिमा दाइइची अणुप्रकल्पात समुद्राचं पाणी सोडून अणुभट्टी थंड करणं चालू होतं. पंतप्रधान कार्यालयाची संमती झालेली नाही, थांबवा, असं टोक्योहून सांगण्यात आलं. प्रकल्पप्रमुख मासाओ योशिदा यांनी व्हिडिओ कॉन्फरन्सवर थांबवल्याचं दाखवलं आणि पाणी चालूच ठेवलं. बरोबर काम करण्यासाठी जागेवरच्या माणसाला खोटं बोलावं लागलं!

आणि आपल्याकडे हे जमत नाही असंही नाही. २०२० मध्ये कोविडच्या ऐन धुमाळीत मुंबई महापालिकेने खाटांचं वाटप मध्यवर्ती कक्षाकडून काढून २४ वॉर्डांच्या वॉर रूमकडे दिलं. आयुक्त होतेच, जबाबदारीही त्यांचीच होती. त्यांनी किल्ल्या वाटल्या.

दादा, बँकेचं कर्ज किती घ्यायचं, कुठलं गिऱ्हाईक धरायचं नि कुठलं सोडायचं, हे तूच ठरव. ते काकांवर ढकलणं चूक होईल. पण मशीन थांबवायचा आणि पाच हजारांपर्यंतची खरेदी न विचारता करायचा अधिकार त्यांना उद्यापासून दे. महिन्याभरात त्यांचा एखादा निर्णय चुकेल. त्या दिवशी त्यांना चार लोकांत बोलू नकोस.