धातूची झडप आणि दरमहाची रक्ततपासणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय महोदय,

आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. हृदयाच्या कृत्रिम झडपेच्या दीर्घकालीन गुंतागुंतींवरील माझ्या लेखाने, धातूची झडप बसवलेले निफाडचे आपले थोरले बंधू धास्तावले. झडप आयुष्यभर टिकते असे डॉक्टरांनी सांगितलेले असताना ही भीती कशासाठी, आणि इतकी वर्षे ठणठणीत असलेल्या माणसाने दरमहा नाशिकला खेटे का घालावेत, असा आपला आक्षेप आहे.

डॉक्टरांचे म्हणणे खरेच आहे. धातूची म्हणतात त्या झडपेतल्या पायरोलिटिक कार्बनच्या (अतिशय कठीण कार्बनच्या) पाकळ्या सहसा झिजत नाहीत. साधारण दहा-पंधरा वर्षांत निकामी होऊ लागते ती प्राण्यांच्या ऊतींची झडप, आणि तरुण रुग्णांत तीही लवकर. मात्र धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, आणि ती पाकळी अडवते किंवा सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. आपल्या बंधूंची झडप मायट्रल जागेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली आहे. तिथे हा धोका महाधमनीच्या झडपेपेक्षा अधिक असल्याने रक्त पातळ करणारी गोळी देऊन आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा; तो जितका जास्त तितके रक्त पातळ) साधारण २.५ ते ३.५ ठेवतात.

हा आकडा अंगाला जाणवत नाही, आणि माझ्या लेखाचा सगळा जीव याच गोष्टीत होता. आयएनआर १.६ असो वा ५, माणूस त्याच उमेदीने द्राक्षबागेत छाटणी करतो. त्याच छाटणीत कंबर धरली म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणली, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. जुलाबासाठी घेतलेल्या मेट्रोनिडाझोलने आयएनआर झपाट्याने चढतो. थंडीत मेथी-पालक एकदम वाढले की तो उतरतो. म्हणून पालेभाजी सोडायची गरज नाही, प्रमाण सारखे ठेवावे. बंधू ठणठणीत आहेत यात 'सोमवार-गुरुवार अर्धी, बाकी दिवस एक' असा रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस लिहिलेल्या त्यांच्या वहीचा मोठा वाटा आहे. तब्येत चांगली आहे म्हणून ती वही बंद करणे मला फार धोक्याचे वाटते.

खेट्यांबद्दलचे आपले म्हणणे मात्र मला पूर्णपणे पटते. रक्त तालुक्याच्या विश्वासू लॅबमध्ये द्यावे आणि आकडा त्याच दिवशी डॉक्टरांना फोनवरून कळवून डोस विचारावा. अशी सोय त्यांच्याकडे जरूर मागा. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्यांचा आपण उल्लेख केलात, पण त्या धातूच्या झडपेला चालत नाहीत. त्यांपैकीच एक असलेल्या डाबिगाट्रानची अशा रुग्णांवरील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावी लागली होती. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

दात काढायचा असेल तेव्हा झडपेची कल्पना दंतवैद्यांना आधीच द्यावी, कारण जंतुसंसर्ग झडपेवर बसू नये यासाठी आधी प्रतिजैविक द्यावे लागते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. आणि झडपेची नेहमीची टिकटिक मंदावली किंवा अचानक दम लागू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) सोय असलेल्या रुग्णालयात जावे. एवढे बंधूंना वाचून दाखवावे, ही विनंती.