‘आपली माणसं तशी नाहीत’ म्हणे!

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवा वाद पेटला. कारखान्यात दोष दिसला तर ऑपरेटरनं असेंब्ली लाइन थांबवावी का, हा विषय. भोसरीत मशीन शॉप चालवणाऱ्या मित्राचा निकाल तयारच होता: ‘‘जपानात ठीक आहे गं. आपली माणसं तशी नाहीत. चाकणला हा अधिकार दिला, तर दर चहाला लाइन बंद पडेल.’’ खाली अंगठ्यांची रांग.

गंमत म्हणजे हे वाक्य बोलणारा स्वतःला त्या ‘आपल्या’त कधीच धरत नाही.

मी जपानात, करिया शहरात, गाड्यांच्या सीटच्या लाइनवर क्वालिटी बघते. बोल्ट तिरका बसला की ऑपरेटर डोक्यावरची दोरी ओढतो. धून वाजते, अंदोनवर, म्हणजे वरच्या दिव्यांच्या फलकावर, त्याच्या स्टेशनचा आकडा पिवळा होतो. लाइन त्या क्षणी थांबत नाही, हे ग्रुपवर कुणालाच ठाऊक नव्हतं. जॉब पुढच्या खुणेपर्यंत सरकतो, तोवर हान्चो, म्हणजे टीमचा प्रमुख, येऊन पोचतो. तेवढ्यात निस्तरलं तर पुन्हा दोरी ओढायची, काम चालू. नाही जमलं तरच खुणेवर लाइन थांबते. म्हणजे दोरी ही आधी मदतीची हाक आहे. आल्या आल्या हान्चो कसा बोलतो, यावर पुढची दोरी कुणी ओढेल की नाही ते ठरतं.

माझे बाबा पिंपरीत एका कंपनीत इन्स्पेक्टर होते. पीस अडवला की त्यांना ऐकायला मिळायचं, ‘‘साहेब झालात का? डिस्पॅच तुम्ही करणार?’’ मग पुढचा पीस ‘चालवून घ्यायचा’. भोसरीतल्या भिंतींवर फाइव्ह एस (नीटनेटकेपणा) आणि कायझेन (सतत सुधारणा) या जपानी मंत्रांचे फलक मात्र झकास रंगवलेले असतात.

हे सगळं सुरू झालं मागावर. टोयोटा ज्या घराण्यातून आली, त्यातल्या साकिची तोयोदांच्या १९२४च्या मागात धागा तुटला की माग आपोआप थांबे, म्हणून एक कामगार कितीतरी माग सांभाळू शके. यंत्राला शंभर वर्षांपूर्वी मिळालेला अधिकार माणसाला द्यावा का, यावर आमच्याकडे अजून अंगठे गोळा होतायत.

‘आपली माणसं तशी नाहीत’ हे अमेरिकेतही म्हणून झालंय. जनरल मोटर्सचा (जीएम) कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा कारखाना गैरहजेरी, दारू आणि भांडणांसाठी बदनाम होता. १९८२मध्ये त्याला टाळं लागलं. १९८४मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो नम्मी या नावानं उघडला. माणसं बहुतेक जुनीच, युनियनही तीच. त्यांच्या हातात दोरी दिली आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या.

चाकणचा पोरगा दोरी का ओढणार नाही, हे मित्राला पक्कं माहीत आहे. बरीच पोरं कंत्राटी, नाहीतर ट्रेनी. कायम करायची वेळ येऊ नये म्हणून २४० दिवस भरायच्या आत ब्रेक. ज्याला पुढच्या महिन्याची खात्री नाही, तो लाइन बंद पडल्याचा वेळ स्वतःच्या नावावर कशाला लावून घेईल? (इथे जपानातही हाकेन, म्हणजे एजन्सीमार्फत घेतलेले, कामगार आहेतच, पण तो विषय आत्ता नको.)

मग मित्रानं दाइहात्सू या गाड्यांच्या कंपनीचं प्रकरण काढलं. टोयोटाच्याच या उपकंपनीनं सुरक्षा-चाचण्यांत वर्षानुवर्षं केलेली लबाडी २०२३मध्ये बाहेर आली. ‘‘ते टेस्टिंगमधलं, लाइनवरचं नव्हे,’’ असं मी तावातावानं लिहिलं. पण चौकशी समितीनं दिलेलं कारण पिंपरीत सहज खपलं असतं: तारखांचा रेटा, आणि ‘जमणार नाही’ हे वर सांगायची सोय नाही. दोरी लाइनवर होती, ऑफिसात नव्हती.

माझ्याही आयुष्यात ती लाइनवरच आहे. चोनाइकाइच्या, म्हणजे मोहल्ला समितीच्या, बैठकीत पलीकडच्या दान्चीतल्या (सरकारी वसाहतीतल्या) ब्राझिलियन कुटुंबांचा विषय निघतो. जळणाऱ्या कचऱ्यात बाटल्या कुणी टाकल्या हे न बघताच आळ त्यांच्यावर. त्या लोकांना जमत नाही, असं कुणीतरी हळूच, फार सभ्यपणे म्हणतं. मी होकारार्थी मान डोलावते. मला ‘त्या लोकां’त धरलेलं नाही, याचं बरं वाटतं, हेही सांगून टाकते. पुण्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी खुर्चीवरून उठून भांडले असते. इथे इतकी वर्षं राहूनही तो हक्क आपला वाटत नाही. मग रात्री ग्रुपवर पुणेकरांना धडे देते.

‘‘दिवाळीत येशील तेव्हा शॉप बघायला ये,’’ असं मित्रानं शेवटी लिहिलं. जाईन. त्याच्या ऑपरेटरशी दोन शब्द बोलायचेत. तेव्हा मालक केबिनमध्ये बसला तर बरं.