अंडी उबवणं सोपं, पिल्लू वाढवणं अवघड
रंकाळ्यावर पक्षी पाहणाऱ्या एका वाचकाने विचारलंय, की हूपिंग क्रेनची (उत्तर अमेरिकेतला दुर्मीळ, उंच पांढरा क्रौंच) अंडी यंत्रात उबवली की काम संपत नाही का? नाही संपत. मादी बहुधा दोन अंडी घालते, जगतं सहसा एकच पिल्लू. म्हणून १९६७ पासून घरट्यातलं दुसरं अंडं माणसांनी उबवण्यासाठी उचललं गेलं. १९७५ पासून अमेरिकेच्या आयडाहो राज्यात अशी अंडी सँडहिल क्रेन या दुसऱ्या जातीच्या क्रौंचांच्या घरट्यांत ठेवली. पिल्लं वाढली, पण आपल्या जातीशी जोडीच जमवेनात! म्हणून आता पिल्लं वाढवणाऱ्या माणसांच्या अंगात, पिल्लांनी माणसाला आपलं समजू नये यासाठी, पांढरा झगा, हातात क्रेनच्या डोक्याची बाहुली आणि पिल्लांसमोर बोलणं पूर्ण बंद. तरीही अमेरिकेच्याच विस्कॉन्सिन राज्यात चावणाऱ्या काळ्या माश्यांच्या त्रासाने, अशा वाढवून सोडलेल्या पक्ष्यांच्या जोड्या घरटी सोडतात. त्यावरचा उपाय मला फार मोलाचा वाटतो: पहिली अंडी काढून घ्यायची. माश्या ओसरल्यावर काही जोड्या पुन्हा घालतात.