आरं देवा

सोसायटीची खजिनदार झाले ही माझी पहिली चूक. दुसरी म्हणजे टँकरच्या खर्चाचा ग्राफ काढून देते असं मीटिंगमध्ये बोलून बसले. आणि तिसरी, सगळ्यात मोठी, हे मी फोनवर भाच्याला सांगितलं.

"मावशी, एक्सेल काय घेऊन बसलीस, आर शिक ना."

"आरं? आरं काय?"

"आरं नाही गं, आर. आकडेमोड करायची, ग्राफ काढायची कंप्युटरची भाषा आहे. नाव नुसतं एक अक्षर."

ज्यानं स्वतःचं नाव एका अक्षरात उरकलंय तो पुढं आपल्याशी किती बोलणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. न्यूझीलंडला ऑकलंडच्या विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी हे तयार केलं. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर आर, शिवाय त्याआधी एस नावाची भाषा होतीच, म्हणून हे आर. 1.0.0 ही आवृत्ती आली 29 फेब्रुवारी 2000 ला. चार वर्षांतून एकदा वाढदिवस, मग चिडकं होणारच की.

भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप आणून दिला, त्यात आर होतं पण तेही जुनं, तीन पॉइंट काहीतरी. हे लक्षात ठेवा, याच्यावरूनच पुढं रामायण झालं.

पहिली संध्याकाळ नुसती फाइल उघडण्यात गेली. विंडोजमधून फाइलचा पत्ता उचलून टाकला तर त्याला त्यातली उलटी तिरकी रेघ चालेना, एक तर सुलटी द्या नाहीतर उलटीच दोनदा द्या. दिली. मग मी त्या माहितीला सरळ 'डेटा' म्हणायला लागले, दुसरं काय म्हणणार, तर म्हणे 'ऑब्जेक्ट ऑफ टाइप क्लोजर इज नॉट सबसेटेबल'. क्लोजर म्हणजे मला गिरणीचं माहीत. भाचा म्हणाला, अगं, डेटा नावाचं त्याचं स्वतःचं एक फंक्शन, म्हणजे तयार आज्ञा, आहे, तुझी फाइल त्या नावात शिरलीच नव्हती, तू त्या फंक्शनलाच रक्कम विचारत होतीस. हे त्याला मराठीत नाही तर निदान सरळ इंग्रजीत सांगता आलं नसतं का?

मग ते अधिक चिन्ह. एक कंस बंद करायचा राहिला की ओळीच्या सुरुवातीला बाणाच्या जागी अधिक येतं. मला वाटलं काहीतरी चांगलं झालं, अधिक आहे ना. एंटर मारलं, परत अधिक. अजून एकदा, परत अधिक. वाण्याच्या दुकानातला पोऱ्या कसा "अजून काय देऊ? अजून?" करत उभा राहतो तसं. शेवटी मी 'नको' असं टाइप केलं. अधिक. यातून सुटायला एस्केप दाबायचं असतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तोपर्यंत लॅपटॉप रात्रभर तसाच "अजून?" करत बसलेला.

पण हे सगळं चालेल हो. ओरडतंय तरी. खरा धोका ते गप्प बसतं तेव्हा असतो, बँकेत 31 वर्षं काढल्यावर एवढं कळतं, आरडाओरडा करणाऱ्या कस्टमरपेक्षा शांतपणे चुकीची स्लिप भरून जाणारा जास्त ताप देतो.

तर रकमांची बेरीज मागितली. म्हणे याची बेरीज होत नाही, हा फॅक्टर आहे. कुठंतरी वाचलेलं की याला न्यूमेरिक करायचं, केलं. अजिबात कुरकुर नाही, झटकन आकडे हजर. मे महिन्याचा टँकरचा खर्च, 17 रुपये.

सतरा! आमच्याकडं सतरा रुपयात टँकरवाला हॉर्नसुद्धा वाजवणार नाही.

झालं होतं असं की आपण आकडे लिहितो 3,85,000 असे, स्वल्पविराम देऊन. आरला स्वल्पविराम दिसला की ते म्हणणार हा आकडाच नाही, हा मजकूर. आणि 2020 मध्ये 4.0.0 येईपर्यंत त्याची सवय अशी की फाइल वाचताना मजकूर दिसला की न विचारता त्याचा फॅक्टर करून टाकायचा, म्हणजे सगळे वेगवेगळे मजकूर क्रमानं लावायचे आणि प्रत्येकाला एक नंबर चिकटवायचा. माझे 3,85,000 त्या रांगेत सतरावे उभे होते. टोकन नंबरच रक्कम म्हणून हातात दिला मेल्यानं. आधी परत मजकूर करा, मग स्वल्पविराम पुसा, मग आकडा करा, असं ते तीन पायऱ्यांचं आहे. मधली पायरी मी विसरले तर सगळीकडं एनए एनए एनए.

एनए म्हणजे माहीत नाही. ऑक्टोबर 2023 चं एक बिल खरंच हरवलंय, ते कुणाकडं हरवलं हा वेगळा विषय आहे आणि मीटिंगमध्ये येईलच, तर त्या एका बिलापायी दोन वर्षांची सरासरी पण एनए. एका झेरॉक्सवाचून अख्खी फाइल परत पाठवतात ना, तसंच. 'एनए डॉट आरएम इज इक्वल टू ट्रू' असं लिहायचं, तेही ट्रू सगळं कॅपिटलमध्ये, मग साहेब पुढं सरकतात.

तारखांचं तर विचारूच नका. 05/06/2023 ला तारीख कर म्हटलं, केली, परत काही तक्रार नाही. ग्राफ काढला तर खालच्या रेघेवर सन 3 ते सन 9. आधी वाटलं प्रिंटिंग मिस्टेक. नाही, त्यानं आपला पाच तारखेचा पाच घेऊन त्याचं वर्ष केलं आणि 2023 मधले पहिले दोन अंक घेऊन तारीख 20 केली. म्हणजे आमच्या सोसायटीनं 20 जून, सन 5 ला टँकर मागवला. सातवाहनांचा काळ. नाणेघाटात जुनी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत ती मी बघितलीयत, पण बिल फाडणारा टँकरवाला तेव्हा नसावा. मग फॉरमॅट सांगायचा असतो हे कळलं, सांगितला, तर वर्षासाठीचा वाय स्मॉलमध्ये पडला, आणि छोटा वाय वर्षाचे पहिले दोनच अंक घेतो, 20. सगळी बिलं 2020 मध्ये. लॉकडाऊनमध्ये! वाय कॅपिटल केल्यावर एकदाचे सगळे आपापल्या वर्षी परत आले.

आता वाटलं सुटलो, महिन्यावार खांब काढले. एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी, जानेवारी... इंग्रजी वर्णानुक्रमे! शेवटी सप्टेंबर. मे आणि नोव्हेंबर शेजारी शेजारी. आणि बाजूच्या रेघेवर एक लाख, दोन लाखच्या जागी 1ई+05, 2ई+05. चार लाख म्हणायला जड जातं का याला? त्याचीही एक आज्ञा आहे, तिच्यात 999 लिहायचं असतं. का, ते मी विचारायचं सोडलंय. आमच्या अध्यक्षांना मात्र गोल ग्राफच हवा होता, भाकरीच्या तुकड्यांचा. गंमत म्हणजे आरच्या स्वतःच्या मदतीच्या पानावर लिहिलंय की तो माहिती दाखवायचा फार वाईट प्रकार आहे. पंधरा दिवसांत आमचं दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

मीटिंगच्या आदल्या रात्री साडेअकराला ग्राफ झाला. एप्रिलपासून मार्चपर्यंत ओळीनं, मे उंच, जुलै-ऑगस्ट जमिनीला टेकलेले, खरंच सुंदर दिसत होता. पीडीएफ काढली तर 'टँकर खर्च' या मराठी शीर्षकाच्या जागी नुसते ठिपके. मी तशीच प्रिंट काढली आणि पेननं वर लिहिलं.

मीटिंगमध्ये कागद हातोहात फिरला. जोशीकाकूंनी विचारलं, वर रांगोळी काढलीय का. अध्यक्षांनी चष्मा वर करून, मग खाली करून बराच वेळ बघितलं. मे महिन्याच्या खांबावर बोट ठेवलं.

"छान आहे वहिनी. यात बी विंगचं वेगळं दाखवता येईल ना?"

घरी येऊन लॅपटॉप उघडला, एक ओळ लिहिली, एंटर मारलं.

अधिक.