नास्तिकांचा कप्पा कोणता?

इंदुरात राहून नास्तिक झालात? अभिनंदन. आता वेळ न घालवता एक काम करा, आपला धर्म नोंदवून टाका. वर्गीकरण न केलेला माल आपल्या शहरात कचऱ्याचा गाडीवाला उचलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक, असे सहा कप्पे. २०११ च्या जनगणनेतही धर्माचे कोड सहाच होते: हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. (तुलना कप्प्यांची चालली आहे, आतल्या मालाची नाही. हातातला दगड खाली ठेवा.) बाकीच्यांनी धर्माचं नाव पूर्ण लिहायचं, कोड नाही. त्या वेळी देशभरात सुमारे ३३ हजार जणांनी ‘नास्तिक’ लिहिलं, आणि सरकारने त्यांना ‘इतर धर्म आणि पंथ’ या तक्त्यात नेऊन बसवलं. म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. ३३ कोटी देव, ३३ हजार नास्तिक. माणशी दहा हजार देव नाकारायचे, पसारा मोठा आहे. संघटना हवीच.

आता शेजारचे काका येतील. सुदामानगरात गल्लीला एक काका असतोच. पोह्यांवर सेव भुरभुरत ते म्हणतील, “अरे, देव नाही ही पण श्रद्धाच की! तुझा नास्तिकपणा म्हणजे एक धर्मच झाला.” वाद घालू नका. एकदम हो म्हणा. “पटलं काका. मग मांडवाला कोपऱ्यावरची वीस फूट जागा आमची. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात, त्यांत आमचीही एक धरा. फार काही नाही, लायटिंग केलेली रिकामी गाडी. वर्गणी पाचशे एक लिहू, की अकराशे?” सेवेचा हात जागीच थांबेल. “नाही रे भिया, तसा काही तो धर्म नव्हे.” वादात तुम्ही धर्म असता, वाटा मागितलात की नसता.

धर्म म्हटला की सणवार आले. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँत या फंदात तुमच्या आधी पडला होता. त्याने देव वगळून ‘मानवतेचा धर्म’ काढला, २८ दिवसांच्या १३ महिन्यांचं पंचांग केलं, संत नेमले. पहिल्या महिन्याला नाव दिलं मोझेसचं, म्हणजे साक्षात देवाकडून आज्ञा घेऊन आलेल्या माणसाचं. सवय जात नाही हो. रिओ द जानेरोत त्याच्या अनुयायांनी देऊळसुद्धा बांधलं.

तुम्हाला देवळासाठी तेवढं लांब जायला नको, इतवारिया बाजारपर्यंत गेलात तरी पुरे. मनुस्मृतीची व्याख्या आहे ‘नास्तिको वेदनिन्दकः’. देव मानता की नाही, हे तिथे कुणी विचारतच नाही. वेद न मानणारा तो नास्तिक. या मापाने जैन आणि बौद्ध दोघेही नास्तिक दर्शनांत, म्हणजे कोड ५ आणि ६ मिळून बसलेत आणि तुम्ही मात्र अजून कप्पा शोधताय! तिथलं सर हुकुमचंद शेठजींचं जैन काचमंदिर बघून या, जुन्या दर्शनकारांच्या हिशेबात नास्तिकांचं इतकं लखलखीत देऊळ शोधून सापडायचं नाही. उलट वेदांचा अर्थ लावणारे मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, तरी वेद मानतात म्हणून आस्तिक. काकांना हे सांगू नका, आधीच सेव सांडली आहे.

फायदे विचाराल, तर आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या तुरुंगात एका कैद्याला नास्तिकांचा अभ्यासगट काढायचा होता. तुरुंगाने नाही म्हटलं. २००५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, राज्यघटनेच्या धर्मस्वातंत्र्यापुरती नास्तिकता धर्मच धरायची. फक्त तेवढ्यासाठी आधी आत जावं लागतं. आपल्याकडे १९५५ चा हिंदू विवाह कायदा जास्त मायाळू. जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू नाही, त्याला तो साधारणपणे पोटाशी धरतोच. तुम्ही कितीही पाय आपटा.

आणि एकदा का नास्तिकता धर्म ठरली, की आपल्या मध्यप्रदेशात तिच्यात शिरणं म्हणजे धर्मांतर. २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याप्रमाणे साठ दिवस आधी कलेक्टरला कळवायचं. हे कलम मोडलं म्हणून सक्तीची कारवाई करू नका, असा अंतरिम आदेश हायकोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला, ती गोष्ट वेगळी. नियम मोडून नास्तिक व्हायला आपण काही पुण्याचे नाही. मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात जा, रांग लावा, अर्जात कारण लिहा: ‘विचार केला.’

गंमत पुढे आहे. त्याच कायद्यात पैतृक धर्मात परतणं हे धर्मांतरच नव्हे. जाताना साठ दिवस, येताना नुसतं या. तेव्हा अर्ज आषाढात टाका. मुदत संपता संपता भाद्रपद उजाडतो. घरी गणपती, आरतीला पंधरा माणसं. ‘घालीन लोटांगण’ सगळे दणक्यात म्हणतात आणि ‘कायेन वाचा’ आलं की गप्प होऊन तुमच्याकडे बघतात, कारण पाठ असलेले तुम्ही एकटेच. तेवढं म्हणून टाका.

ताट वाढताना आई विचारेल, “झालं का रे तुझं ते कलेक्टर ऑफिसचं?”

सांगा, उद्यापासून पुन्हा साठ दिवस मोजायला घेतो.

“दिवाळी होऊ दे आधी,” ती मोदकावर तूप सोडत म्हणेल, “फराळाला हात लागतात.”