बांधकामावर पडलेल्याला ‘चालवून बघणे’ हा उपचार नव्हे

पाचगावात सेंट्रिंगच्या कामावर जाणाऱ्या माझ्या मेहुण्याने परवा एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘दाजी, हे खरं हाय का?’ ‘उंचावरून पडलेल्यांसाठी अनुभवी सल्ला’ असे त्याचे शीर्षक होते. रोज दहा फुटांवर फळीवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हाती असला सल्ला पडतो, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

पहिला सल्ला असा : ‘पडलेल्याला लगेच उभे करून चार पावले चालवा, चालला तर काही मोडलेले नाही. वस्ताद पैलवानाला असेच उठवतात.’ आखाड्यातली माती ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते आणि पैलवान कमरेच्या, फार तर खांद्याच्या उंचीवरून पडतो. दहा फुटांवरून सुटलेला माणूस ताशी सुमारे 28 किलोमीटर वेगाने खडीवर किंवा सळ्यांवर आदळतो. मणका मोडूनही आतला मज्जारज्जू शाबूत असू शकतो, आणि अशा माणसाला बसवताना किंवा हातापायांना धरून टेम्पोत घालताना मोडलेले हाड सरकले, तर जे पाय वाचले असते तेच कायमचे जाऊ शकतात. चालता येणे हा पुरावाही नव्हे, कारण मणक्याला चीर गेलेली माणसे चालतात आणि डोक्यात रक्तस्राव सुरू झालेला माणूस तासभर नीट बोलून मग बेशुद्ध पडू शकतो. पडलेल्याला आहे तिथेच पडून राहू द्यावे, डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी, रक्त वाहत असेल तिथे कापड दाबावे आणि 108 ला फोन करून किती उंचीवरून पडला ते सांगावे. शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, म्हणून पाणीसुद्धा पाजू नये. वरून काही कोसळण्याचा धोका असेल तरच चार-पाच जणांनी अंग एकसंध वळवून त्याला सेंट्रिंगच्याच फळीवर घ्यावे. मणका ‘बसवणाऱ्या’कडे नेण्याच्या त्या संदेशातल्या सल्ल्यावर तर मी शब्दही खर्च करणार नाही.

‘बेल्टला (उंचावर काम करताना बांधायच्या सुरक्षापट्ट्याला) लटकूनच माणूस मरतो’ या संदेशातल्या दुसऱ्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. नुसत्या कमरेच्या पट्ट्याला लटकणे खरोखरच घातक असते. पण म्हणूनच खांदे आणि मांड्यांना धरणारा पूर्ण पट्टा वापरतात आणि तो परांचीच्या बांबूला न अडकवता पक्क्या आधाराला अडकवतात.

‘बेल्ट नव्हता म्हणजे भरपाई नाही’ हे मात्र धडधडीत खोटे आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मालकाला कामगाराच्या नशेची किंवा सुरक्षासाधन जाणूनबुजून न वापरल्याची सबब सांगता येते, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही चालत नाही. हीच तरतूद 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम 3 मध्येही होती; नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या संहितेने त्या कायद्याची जागा घेतली. आणि ज्या कामावर बेल्ट दिलाच नव्हता, तिथे कामगाराने तो जाणूनबुजून टाळला असे कोणत्या तोंडाने म्हणणार? काम ठेकेदाराकडे सोपवले म्हणून बिल्डरही सुटत नाही. मेहुण्याला हे सगळे फोनवर सांगितले, तेव्हा कळले की त्याच्या कामावर बेल्ट एकच आहे आणि तो मुकादमाच्या खोलीत टांगलेला असतो.